संशयाचा फायदा पक्ष्याला

न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. अमेरिकेतल्या पाणथळींवर बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की मात्र हा न्याय उलटा फिरतो. शिकाऱ्याने परवाना काढलेला असतो, पैसे भरलेले असतात, ठरलेली वेळ पाळलेली असते. तरीही डोक्यावरून गेलेले बदक नेमके कोणते हे न ओळखता त्याने चाप ओढला आणि पडलेला पक्षी त्या दिवशी मारण्यास मनाई असलेल्या जातीचा निघाला, तर ‘मला ते दुसरेच वाटले’ हा बचाव टिकत नाही. 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली अशा गुन्ह्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही. पक्षी पडला आणि तो चुकीचा होता, एवढे पुरते. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि 15 हजार डॉलर दंड इथपर्यंत जाऊ शकते. वरवर पाहता हा कायदा कठोर, जवळजवळ अन्यायी वाटतो. काही सेकंदांत वाऱ्यासारखे निघून जाणारे पाखरू ओळखण्याची सक्ती साध्या माणसावर कशी करायची? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की ध्यानात येते, की बदक ओळखणे ही शिकारीच्या छंदाला लावलेली झालर नव्हे. तिथल्या बदक-संवर्धनाचा सगळा भार याच खुंटीवर आहे. आणि या विद्येचा गाभा प्रत्येक पक्ष्याचे नाव पाठ असण्यात नाही. आपल्याला ओळख पटलेली नाही, हे वेळेवर कळण्यात आहे.

आधी नियमांची रचना पाहू. उत्तर अमेरिकेतली बहुतेक बदके उत्तरेकडच्या गवताळ तळ्यांवर वीण करतात आणि हिवाळ्यात दक्षिणेला उतरतात. त्यांच्या या वाटांचे चार पट्टे धरून शिकारीचे नियम ठरतात: अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक. 1955 पासून दर वर्षी विणीच्या प्रदेशावरून विमाने फिरवून बदकांची जातवार मोजदाद होते आणि तिच्या आधारे हंगामाचे दिवस व दिवसाची मर्यादा जाहीर होते. अलीकडच्या वर्षांतला मिसिसिपी पट्ट्याचा नियम नमुन्यादाखल घ्या. एका माणसाला दिवसाला सहा बदके. त्यांत मॅलर्ड जातीची फार तर चार. आणि त्या चारांत माद्या दोनच. कॅनव्हासबॅक, पिनटेल, ब्लॅक डक अशा जातींच्या मर्यादा वेगळ्या, आणि त्या वर्षागणिक बदलतात. 2008 च्या हंगामात तर कॅनव्हासबॅकच्या शिकारीला पूर्ण बंदी होती, शेजारी पोहणाऱ्या इतर जाती मात्र खुल्या होत्या. म्हणजे विमानातून मोजणारा शास्त्रज्ञ, आकडेमोड करणारे खाते आणि नियम काढणारे सरकार ही सगळी साखळी शेवटी येऊन थांबते ती गुडघाभर गार पाण्यात, लव्हाळ्यांच्या लपणात बसलेल्या एका माणसाच्या डोळ्यांपाशी. प्रत्येक लपणामागे वनरक्षक उभा करता येत नाही. नियम जातींच्या भाषेत लिहिला असेल, तर तो पाळणाऱ्याला ती भाषा वाचता आली पाहिजे.

ही अपेक्षा नवी आहे, हे विसरून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखण्याचा राजमार्ग म्हणजे आधी तो पाडणे आणि मग हातात घेऊन पाहणे. इलियट कूज या नामवंत अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने 1874 च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात दुनळी बंदुकीला पक्षिअभ्यासकाचे मुख्य साधन मानले होते. आपल्याकडचे उदाहरणही सर्वांना माहीत आहे. 1908 च्या सुमारास मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून तो बुचकळ्यात पडला आणि ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. सलीम अली यांचे पक्षिजीवन तिथून सुरू झाले. अनोळखी पक्षी, मग गोळी, मग ओळख, हाच त्या काळाचा क्रम होता. या क्रमाच्या खुणा बदकांच्या नावांवरही राहिल्या आहेत. अमेरिकेत ‘रिंग-नेक्ड डक’ म्हणजे गळ्यात कडे असलेले बदक आहे. नराच्या गळ्याभोवतीचे ते तांबूस कडे इतके फिके असते, की पाण्यावर पोहताना ते बहुधा दिसतच नाही. नजरेत भरते ते त्याच्या चोचीवरचे पांढरे कडे. नाव ठेवणाऱ्याच्या टेबलावर मेलेला पक्षी होता. नाव वापरणाऱ्याच्या समोर उडता पक्षी असतो. हातातल्या पक्ष्याची विद्या आकाशातल्या पक्ष्याला लावता येत नाही, याचा याहून बोलका पुरावा शोधूनही सापडायचा नाही.

हा क्रम उलटवण्याची सुरुवातही बदकांपासूनच झाली. अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांच्या 1903 सालच्या ‘टू लिटल सॅव्हेजेस’ या मुलांसाठीच्या पुस्तकात एक मुलगा भुसा भरून ठेवलेल्या बदकांवरून चित्रे काढतो, कारण हातात न येणारी लांबची बदके त्याला ओळखायची असतात. प्रत्येक जातीच्या अंगावर रंगांचे ठरावीक ठिगळ असते आणि सैनिकाच्या गणवेशावरून पलटण कळावी तशी त्यावरून दुरूनही जात कळते, हे त्याला उमगते. रॉजर टोरी पीटरसन यांनी हीच कल्पना उचलून सगळ्या पक्ष्यांना लावली. 1934 साली निघालेल्या त्यांच्या मार्गदर्शिकेत रेखीव चित्रे होती आणि नेमक्या खुणेकडे बोट दाखवणाऱ्या छोट्या रेघा होत्या. सीटनचे ऋण त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केले. योगायोग असा, की त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत बदक-तिकिटाचा कायदा झाला. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाने हे तिकीट घ्यायचे आणि त्या पैशातून पाणथळी राखायच्या. पहिल्या तिकिटाची किंमत एक डॉलर होती आणि त्यावरचे उतरत्या मॅलर्डच्या जोडीचे चित्र ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते. तेच त्या वेळी वन्यजीव खात्याचे प्रमुखही होते. आज तिकीट पंचवीस डॉलरला मिळते आणि त्यातून आजवर साठ लाख एकरांहून अधिक अधिवास राखला गेला आहे. एकाच वर्षी पाणथळ विकत घ्यायला पैसा मिळाला आणि पक्षी न मारता ओळखायची रीतही मिळाली. पैशाची कहाणी तिथे वारंवार सांगितली जाते. माझ्या मते दुसरी कहाणीही तितकीच मोलाची आहे, कारण पाणथळ राखून तिच्यावर डोळे झाकून बंदूक चालवली, तर राखण्याला अर्थ उरत नाही.

उडते बदक ओळखतात कसे? नवखा माणूस रंग शोधतो आणि तिथेच फसतो. रंग ही शेवटची खूण आहे. तिला ऊन लागते, वेळ लागतो. अनुभवी डोळा आधी आकार आणि चाल पाहतो. पाण्यावरून सरळ वर उसळी घेणारे बदक उथळ पाण्यात चरणाऱ्या जातींपैकी असते. पाण्यावर पाय आपटत, धावपट्टीवरच्या विमानासारखे धावून मग वर उठणारे बदक बुडी मारणाऱ्या जातींपैकी असते. एवढ्या एका निरीक्षणाने निम्म्या जाती बाजूला पडतात. मग थव्याची वीण पाहायची. टील जातीची चिमुकली बदके दाटीवाटीने, एकाच दोरीने ओढल्यासारखी वळणे घेत जातात. पिनटेल लांब मानेचे, सडपातळ आणि निमुळते. आपल्याकडे हिवाळ्यात उतरणारे तलवार बदक तेच. शव्हलरची फावड्यासारखी चोच उडतानाही पुढे जड दिसते आणि त्यालाच मराठीत थापट्या म्हणतात. मग पंख पाहायचा. बहुतेक उथळ पाण्यातल्या बदकांच्या पंखाच्या मागच्या कडेला एक चमकता पट्टा असतो. गॅडवॉलचा पांढरा, मॅलर्डचा निळा, आणि या निळ्याला मागून पुढून पांढरी किनार. शेवटी कान. सगळ्या बदकांचे ‘क्वॅक’ एकच असते हा शहरी समज आहे. ते खणखणीत ‘क्वॅक’ मॅलर्डच्या मादीचे. पिनटेल आणि विजनचे नर शीळ घालतात. वुड डकची मादी उडताना किंचाळते. लपणात डोळे मिटून बसले तरी निम्मी ओळख पटते, इतका आवाजाचा आधार पक्का असतो.

खरी कसोटी लागते ती सारख्या दिसणाऱ्या जोड्यांपाशी. अटलांटिक किनाऱ्याकडचे ब्लॅक डक आणि मॅलर्डची मादी दोन्ही तपकिरी. पण ब्लॅक डकचे अंग गडद असते, उडताना पंखाची पांढरी खालची बाजू त्या काळोख्या अंगावर लख्ख चमकते, आणि पंखावरच्या जांभळट पट्ट्याला मॅलर्डसारखी ठसठशीत पांढरी किनार नसते. त्यातच या दोन जातींचा संकर होतो, त्यामुळे दोघांच्या खुणा अंगावर वागवणारे पक्षीही भेटतात. कॅनव्हासबॅक आणि रेडहेड या दोघांच्या नरांची डोकी तांबडी, छाती काळी. फरक पाठीत आहे: कॅनव्हासबॅकची पाठ पांढरीशुभ्र, रेडहेडची राखाडी. पण माद्या दोन्हींच्या तपकिरीच. तिथे उपयोगी पडते ती फक्त डोक्याची ठेवण. कॅनव्हासबॅकचे कपाळ घसरगुंडीसारखे थेट चोचीत उतरते, रेडहेडचे डोके गोलसर असते. काही जोड्या तर याही पलीकडच्या. निळ्या पंखाच्या टीलची मादी आणि दालचिनी रंगाच्या टीलची मादी हातात घेऊनही तज्ज्ञ चाचपडतात. वर निसर्गाने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. वीण संपली की बदकांचे नर आपला झगझगीत पोशाख उतरवतात आणि माद्यांसारखे मळकट होतात. त्याच काळात पंखांची मोठी पिसे एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. शरद ऋतूच्या आरंभी अनेक नर अजून त्याच मळक्या वेशात असतात. सप्टेंबरमध्ये फक्त टीलसाठी उघडणाऱ्या खास हंगामात म्हणूनच सगळ्यांत जास्त गफलत होते. पुस्तकातला नटलेला नर शोधणाऱ्याला त्या दिवसांत आकाशात नुसती तपकिरी बदके दिसतात. अशा वेळी चोच मदतीला येते: मळकट वेशातल्या मॅलर्ड नराची चोच पिवळट-हिरवी राहते, मादीची नारिंगी आणि काळ्या डागांची असते. पण चोच दिसायला पक्षी जवळ यावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पहाटेच्या झुंजुमुंजू प्रकाशात, धुक्यात, तीन-चार सेकंदांत एवढे सगळे पाहणे माणसाला शक्य आहे का? अमेरिकेचा कायदाच सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकारीला मुभा देतो. ज्या वेळी रंग दिसतच नाही, त्या वेळी ओळखीची सक्ती करणे हा विरोधाभास नाही का? विरोधाभास आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्याला हवा तो नाही. मुभा म्हणजे हुकूम नव्हे. त्या अर्ध्या तासात आकारावरून आणि आवाजावरून खात्री पटली तर शिकारी बंदूक उचलू शकतो. नाही पटली तर उजाडेपर्यंत थांबण्यापासून त्याला कोणी अडवत नाही. अंतराचा हिशोबही याच बाजूने बोलतो. बदकांची शिकार छऱ्यांनी होते आणि चाळीस यार्डांपलीकडे छरे विखरून पक्षी नुसता जखमी होऊन दूर कुठेतरी मरण्याचा धोका वाढत जातो. पाण्यावर खोटी बदके तरंगत ठेवणे, शीळ वाजवून थवा बोलावणे ही सगळी धडपड पक्षी जवळ आणण्यासाठीच असते. तेव्हा जो पक्षी ओळखता येत नाही इतका दूर आहे, तो बहुतेक वेळा नीट मारता येणार नाही इतकाही दूर असतो. ओळखीची अट आणि चांगल्या शिकारीची अट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. बदके लाखांनी आहेत. एखादे चुकून पडले तर काय बिघडले? चुका जर सगळ्या जातींत सारख्या वाटल्या गेल्या असत्या, तर या म्हणण्यात थोडे तथ्य होते. पण चुका तशा वाटल्या जात नाहीत. नटलेला मॅलर्ड नर कोणी चुकून दुसरा समजत नाही. चूक होते ती माद्या, पिल्लावस्थेतून नुकती बाहेर पडलेली बदके आणि दुसऱ्या विपुल जातीसारखी दिसणारी विरळ जात यांच्याबाबत. म्हणजे नेमके ज्यांना जपण्यासाठी नियम केला, त्यांच्याबाबत. मॅलर्डमध्ये नरांची संख्या माद्यांपेक्षा जास्त असते आणि अंडी उबवण्यापासून पिल्ले सांभाळण्यापर्यंतचे काम मादीच करते. म्हणून एक नर आणि एक मादी यांचे मोल पुढच्या वर्षीच्या हिशोबात सारखे नसते. विपुल जातींच्या थव्यात उडणारे एक विरळ पाखरू विपुलतेच्या आडोशाने मरते. एकाची चूक क्षुल्लक असेल, पण हंगामात लाखो माणसे एकाच दिशेने चुकू लागली, तर ती चूक राहत नाही. ते धोरणच होऊन बसते.

ओळख गोळीनंतर केली तर काय होते, याचा प्रयोगही अमेरिकेने करून पाहिला आहे. 1970 च्या दशकात अनेक राज्यांत गुणपद्धत होती. प्रत्येक जातीला आणि काही जातींत नर-मादीला वेगवेगळे गुण. जपायच्या पक्ष्याला नव्वद किंवा शंभर, विपुल पक्ष्याला दहा. बेरीज शंभरावर गेली की त्या दिवसाची शिकार संपली. कल्पना शहाणी होती. उडते बदक ओळखता येत नसेल त्याने पाडलेले तरी ओळखावे आणि महागाचे निघाले तर घरी जावे. पण यात पक्षी कोणत्या क्रमाने पडले याला महत्त्व आले, कारण शेवटच्या पक्ष्याने मर्यादा ओलांडली तरी चालत असे. मग आधी पाडलेली मादी ‘शेवटी पाडली’ असे सांगणे सोपे झाले, आणि पिशवीतल्या बदकांवर वेळ लिहिलेली नसते. पुढे ही पद्धत मागे पडली. तिच्यातून शिकायचे ते हे, की ओळखीची जबाबदारी गोळीच्या पलीकडे ढकलली की ती प्रामाणिकपणाच्या भरवशावर राहते आणि मेलेला पक्षी तर परत येतच नाही. गोळीनंतरच्या ओळखीचा उपयोग नाही असे मात्र नाही. मारलेले बदक घरी नेईपर्यंत त्याचे डोके किंवा पिसांसकट एक पंख अंगाला राहू द्यावा लागतो, तो तपासणीसाठीच. शिवाय 1961 पासून निवडक शिकारी आपल्या बदकांचे पंख टपालाने सरकारकडे पाठवतात आणि दर वर्षी तज्ज्ञ एकत्र बसून त्या पंखांवरून जात, वय आणि लिंग ठरवतात. एका पंखावरून हे सगळे कळते, ही खरेच थक्क करणारी विद्या आहे. पण ती पुढच्या वर्षीचा नियम सुधारते. या वर्षीच्या पक्ष्याला वाचवणे फक्त लपणातल्या माणसाच्या हाती असते.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात पहिल्या परिच्छेदापासून असेल: ओळखण्याची एवढी यातायात कशाला, शिकारच बंद करा. भारताने 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळपास तेच केले आणि आपल्या लोकसंख्येचा, आपल्या तळ्यांचा विचार करता तो निर्णय योग्यच होता, असे मला वाटते. पण बंदीने ओळखीचा प्रश्न सुटत नाही. आपल्या इतिहासात याचा दगडावर कोरलेला दाखला आहे. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत संस्थानी काळातल्या शिकारींची नोंद शिळेवर आहे: तारीख, कोण पाहुणा, किती बंदुका आणि किती पक्षी. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत 4273 पक्षी पडले. आकडा अचूक आहे. जाती मात्र त्या दगडावर नाहीत. बिहार-बंगालच्या दलदलींत राहणारे गुलाबी डोक्याचे बदक याच काळात नाहीसे झाले. त्याची खात्रीची मानली जाणारी शेवटची नोंद 1935 ची, दरभंगा भागातली. ते आधीपासून विरळ होते आणि दलदली शेतीखाली गेल्याचा फटकाही त्याला बसला, तेव्हा सगळा दोष बंदुकीवर टाकता येणार नाही. पण जिथे फक्त ढीग मोजला जातो, तिथे ढिगातून एखादी जात कमी होत चालली आहे हे कोणाला कळणार?

आता आपल्याकडे बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली आहे. उजनीच्या फुगवट्यावर, जायकवाडीवर, 2020 मध्ये राज्याचे पहिले रामसर स्थळ ठरलेल्या नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात थवे उतरतात. 1987 पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घेणाऱ्यांसमोरही लपणातल्या त्या शिकाऱ्याचाच प्रश्न असतो: लांबवर, उन्हाच्या झळाळीत पाण्यावर डुलणारा हा काळा ठिपका कोण? आणि इथेही चुकण्याचा मोह तसाच आहे, फक्त दिशा वेगळी. शिकारी विरळ जातीला साधी समजून मारतो. निरीक्षक साध्या जातीला विरळ समजून नोंदवतो. गुलाबी डोक्याचे बदक पुन्हा दिसल्याच्या आवया अधूनमधून उठत आल्या आणि तपासाअंती त्यांतली अनेक बदके मोठी लालसरी निघाली. तिच्या नराचे डोके नारिंगी-तांबडे असते आणि पाहणाऱ्याची आशा त्यात गुलाबी रंग मिसळते. चुकीच्या नोंदीने लगेच कोणी मरत नाही. पण तिच्यावर उभा राहिलेला अहवाल, त्या अहवालावरून राखलेले किंवा सोडून दिलेले तळे, यांतून ती चूक पक्ष्यापर्यंत पोचतेच. गणनेच्या तक्त्यात जातींच्या लांबलचक यादीबरोबर ‘न ओळखलेली बदके’ अशीही एक ओळ असते. नवख्याला ती ओळ भरताना कमीपणा वाटतो. वास्तविक साऱ्या तक्त्याचा विश्वास त्या ओळीवर टिकतो. कारण जो माणूस तिथे प्रामाणिकपणे आकडा लिहितो, त्यानेच वरच्या ओळींत लिहिलेली नावे खरी मानता येतात.